कुकडीच्या काठचे रांजण

सहल म्हटली की आपल्या घरांत ठरलेली दोन-चार नावे निघतात. कार्ले-भाजे, देहूरोडचे बुद्धविहार, फार तर महाबळेश्वर. सुट्टी एका दिवसाची, पैसा बेताचा, घरात म्हातारे माणूस आणि शिकणारी मुले. अशा वेळी लांबचा विचार कोण करणार? परदेशात ओसाड मुलखात मोठमोठी राष्ट्रीय उद्याने आहेत, तेथले चित्रविचित्र खडक पाहायला लोक विमानाने जातात, हे आपण टी.व्ही.वर पाहतो, मुलांना दाखवतो आणि चॅनेल बदलतो. ते आपल्या ऐपतीचे नव्हे, असे मनाशी धरून चालतो.

पण तसाच एक खडकांचा मुलूख पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येईल इतक्या अंतरावर आहे. त्याचे नाव निघोजचे रांजणखळगे. अलीकडच्या काठाला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, पलीकडच्या काठाला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातले निघोज, आणि मधून वाहणारी कुकडी नदी. या नदीने आपल्या पात्रातल्या काळ्या खडकाला शेकडो भोके पाडून ठेवली आहेत. कोणी त्याला कुंड म्हणतात, कोणी रांजणखळगे. हे काही राष्ट्रीय उद्यान नव्हे. पण जे पाहायला मिळते ते एकदा तरी पाहावे असेच आहे.

आम्हाला त्याची आठवण झाली ती मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकामुळे. नदीच्या कामाचा धडा होता. नदी खडक झिजवते, गाळ वाहून नेते, असे करता करता ‘रांजणखळगे’ हा शब्द आला. मुलगी मोठ्याने वाचत होती आणि आमची आई, म्हणजे मुलांची आजी, कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. निघोजचे नाव कानावर पडताच तिने मान वर केली.

“निघोजचं कुंड? त्यात काय बघायचंय? तिथलं पाणी मी डोक्यावर वाहिलंय.”

आईचे माहेर कुकडीच्याच काठचे. गावाचे नाव येथे सांगत नाही, त्याचे कारण पुढे कळेल. लग्नानंतर ती आणि आमचे वडील १९७३ साली एक पत्र्याची पेटी घेऊन पुण्याला आले, तेव्हापासून येरवडा हेच आमचे गाव झाले. माहेरी ती लग्नकार्याला, मयतीला जाऊन आली असेल, पण कुंडावर पुन्हा कधी गेली नव्हती. आता तिचे वय ७६. गुडघे दुखतात. “मला नेता का एकदा?” असे ती त्या दिवशी म्हणाली आणि आम्ही उभयता एकमेकांकडे पाहतच राहिलो. कारण आईने आजवर ‘मला अमुक ठिकाणी न्या’ असे कधी म्हटलेले आठवत नाही.

मागच्या डिसेंबरात जमले. आमच्यापैकी एकाची कारखान्यात पाळी असते, दुसऱ्याचे घरी पोळ्या लाटून द्यायचे काम. दोघांची सुट्टी एका रविवारी जुळवली. रात्रीच भाकरी, ठेचा आणि सुकी बटाट्याची भाजी बांधून ठेवली. आजी, दोन मुले आणि आम्ही दोघे असे पाच जण नगर रोडला एस.टी.त चढलो. आईला पंच्याहत्तरी उलटल्यामुळे तिकीट लागले नाही, बायकांचे अर्धे. खर्चाचा विचार करणाऱ्या घराला हेही सांगायला हवे.

वाघोली, लोणीकंद मागे पडले. पेरणे फाट्यापाशी डाव्या-उजव्या खिडक्यांतून सगळ्यांनी माना वळवल्या. भीमेच्या काठचा विजयस्तंभ दिसला आणि आईने बसल्या जागी हात जोडले. १ जानेवारी जवळ आला होता, तयारीची माणसे दिसत होती. पुढे कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगावचे कारखाने असे करत शिरूरला उतरलो. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. घोड नदी गावालगत वाहते. आपली कुकडी या घोडेला मिळते, घोड भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. मुलाने लगेच हिशेब केला, “म्हणजे कुंडातलं पाणी शेवटी समुद्रालाच जातं?” “जातं, पण धरणं त्याला जाऊ देतील तेव्हा,” असे आम्ही म्हटले. कारण वर जुन्नर तालुक्यात माणिकडोह आणि येडगाव ही दोन धरणे कुकडीवर आहेत. कुकडी प्रकल्पातली पाच धरणे मिळून या दुष्काळी पट्ट्याला कालव्यांनी पाणी देतात.

शिरूरहून वडाप जीप मिळाली. जीपवाल्याशी घासाघीस करून त्याने आम्हाला कुंडापर्यंत सोडायचे ठरले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आधी माळरान, कुसळे, बाभळी. मग जेथे पाणी पोचले आहे तेथे एकदम ऊस, कांदा आणि ज्वारीची हिरवी शेते. आई सगळे निरखून पाहत होती. “हा ऊस माझ्या वेळी नव्हता,” एवढेच ती दोन-तीनदा म्हणाली.

कुंड लांबून दिसत नाही. ही त्याची पहिली गंमत. डोंगर, सुळका, कडा काही नाही. सपाट मुलुखातून चालत आपण नदीच्या काठाशी येतो आणि पायाखालची जमीन उघडते. खाली काळ्या-करड्या खडकाची घळ. त्या खडकात भोकेच भोके. काही आपल्या घरातल्या उखळाएवढी, काही पाण्याच्या रांजणाएवढी, आणि काही अशी की आख्खा माणूस उभा राहिला तरी त्याचे डोके दिसणार नाही. काही अगदी गोल, जणू परकार लावून कोरलेली. काही लांबट. कोठे दोन रांजणांच्या मधली भिंत फुटून दोन्ही एक झालेले, कोठे भिंतीला खिडकी पडलेली, आणि त्या खिडकीतून पलीकडच्या रांजणातले हिरवे पाणी दिसते. खडकाच्या कडा इतक्या गुळगुळीत की हात फिरवला तर दगड आहे असे वाटू नये. तळाशी पाणी संथ, आणि मधल्या अरुंद घळीतून नदीची धार चाललेली.

मुले गप्प झाली. आमची मुले गप्प होण्याचे प्रसंग फार थोडे.

“हे कुणी केलं?” मुलाने विचारले. जवळच उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, “देवाची करणी आहे बाळ.” काठाला मळगंगा देवीचे मंदिर आहे, चैत्रात मोठी यात्रा भरते, तेव्हा त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी. पण मुलीला धडा पाठ होता. तिने भावाला समजावून सांगितले, तेच आम्ही थोडे विस्ताराने येथे देतो, कारण घरी मुलांनी विचारले तर सांगता यायला हवे.

आपला सह्याद्री आणि दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे बनलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर, तिसरा थर. हाच आपला काळा दगड, बेसॉल्ट. नदी आली ती त्यानंतर केव्हातरी. पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर वरून दगडगोटे वाहत येतात. खडकाला जेथे मुळात एखादी भेग असते, मऊ जागा असते, तेथे एखादा गोटा अडकतो. पाण्याला तेथे भोवरा पडतो आणि भोवऱ्याबरोबर गोटा गरगर फिरू लागतो. फिरता फिरता तो खडक घासतो. खळगा पडतो. खळगा जितका खोल, तितका गोटा आत पक्का अडकतो आणि तितका अधिक घासतो. स्वतःही झिजतो, वाटोळा होतो, शेवटी वाळू होऊन जातो. पुढच्या पुरात दुसरा गोटा त्याची जागा घेतो. असे हजारो पावसाळे चालते. उन्हाळ्या-हिवाळ्यात आपल्याला जे दिसते ते थांबलेले काम. काम होते ते पुरात, जेव्हा पाहायला कोणी उभे राहू शकत नाही.

आईने हे सारे लक्ष देऊन ऐकले. म्हणाली, “म्हणजे जातंच म्हणायचं. पाण्यानं ओढलेलं जातं.”

इतके नेमके आम्हालाही सुचले नव्हते. जन्मभर जात्यावर दळलेल्या बाईला ते सुचले.

आईला आम्ही खाली खडकावर उतरू दिले नाही. वर एका सपाट जागी चादर अंथरून तिला बसवले. तेथून तिला सगळे दिसत होते. पण तिची नजर आमच्यासारखी सगळीकडे फिरत नव्हती. ती एका जागेकडे, वरच्या अंगाला, पुन्हा पुन्हा पाहत होती. भाकरी सोडली, जेवणे झाली, तेव्हा नातीने विचारले, “आजी, तू इथलं पाणी खरंच डोक्यावरून न्यायचीस?”

मग आई बोलू लागली. आम्ही पन्नास वर्षे तिच्याजवळ वाढलो, संसार केला, आणि ही गोष्ट आमच्या कानावर पहिल्यांदा येत होती.

ती दहा-अकरा वर्षांची असेल. म्हणजे १९६० च्या आसपासची गोष्ट. गावाला विहीर होती, पण आपल्या लोकांनी तिच्या काठाला हात लावायचा नाही. घागर खाली ठेवून लांब उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवायचे, “वाढा की वं बाई.” कोणाला दया आली तर ती वरून पाणी ओतायची. निम्मे घागरीत, निम्मे मातीत. दया नाही आली तर ऊन डोक्यावर येईस्तोवर उभे. म्हणून वस्तीच्या बाया नदीकाठच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरत. उन्हाळ्यात झिरा आटला, नदीची धार आटली, की पाणी उरायचे ते फक्त या रांजणांत. मग पोरींची रांग कुंडाकडे. कासऱ्याला पोहरा बांधून आत सोडायचा, पाणी शेंदायचे, हंडा भरायचा आणि तापल्या वाटेने घरी.

“मग ते बरं होतं की,” मुलगा म्हणाला. “नदी तर कुणाची नसते.”

“कुणाची नसती, पर वरचं-खालचं असतं,” आई म्हणाली.

वरच्या अंगाचे रांजण गावाचे. खालच्या अंगाचे आपले. पाणी एकच, खडक एकच, नदीही तीच. पण खालच्या रांजणांत गुरे उतरत, कपडे धुतले जात, आणि वैशाखात त्यांना शेवाळाचा वास येई. वरच्या एका रांजणात पाणी खोल, थंड, स्वच्छ. एकदा भर दुपारी काठावर कोणी नाही असे पाहून आई आणि तिची मावसबहीण त्या वरच्या रांजणावर गेल्या. पोहरा सोडला, हंडा भरत आणला. तो घरातला एकुलता एक पितळी हंडा, तिच्या आईला लग्नात मिळालेला. इतक्यात काठावरून कोणीतरी ओरडले, “ए पोरींनो, तिकडं कुठं चढलाय? व्हा खाली!” मागोमाग एक धोंडा येऊन खडकावर आपटला. पोरी घाबरून उठल्या. भरलेला हंडा उचलताना पाय निसटला. आई वाचली, हंडा रांजणात गेला. दोन-तीनदा खडकाला लागून वाजला, आणि मग आवाज बंद.

“तो आवाज अजून कानात हाय,” आई म्हणाली.

पोरी रडत घरी आल्या. आईला वाटले, आता मार बसणार. तिची आई दारात उभी होती. तिने आधी पोरीचे हातपाय चाचपून पाहिले. मग म्हणाली, “हंडा गेला तर गेला. तू आलीस न्हवं?” आणि दुसऱ्या दिवसापासून रॉकेलच्या रिकाम्या डब्याला दोरी लावून त्यात पाणी आणू लागली. दुसरा हंडा घरात आला तो तीन वर्षांनी, थोरल्या मामाच्या लग्नात.

आमच्यापैकी कोणाला काय बोलावे सुचेना. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतले. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला. हे आपण सारे भाषणांत ऐकतो, मुलांच्या निबंधात लिहून देतो. पण त्यानंतरही आमच्याच घरातली एक दहा वर्षांची पोर एका हंडाभर पाण्यासाठी या खडकावरून पळाली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आईने गावाचे नाव छापू नका असे बजावले आहे. “आता तिथली पोरं चांगली हायत. नळ हाय. कशाला कुणाला लाज आणायची?” तिच्या शब्दाला मान देऊन नाव टाळले आहे.

मुलाने विचारले, “आजी, तो हंडा अजून आत असेल?”

नात म्हणाली, “कसा असेल? गोट्यांनी घासून घासून संपला असेल.”

आई हसली. “म्हंजे त्याचं पीठ झालं म्हण की. जाऊ दे. आमच्या आईचा हंडा समुद्राला गेला.”

परतताना मुलाने एक छानसा वाटोळा गोटा उचलून खिशात घातला होता. आईने तो काढायला लावला. “तिथलं तिथंच राहू दे. त्याचं काम चाललंय.” मुलाने तो ज्या खळग्यातून घेतला होता त्यातच सोडला. इतर लोकांनीही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

काठावर बसल्या बसल्या आम्हाला जुन्नरची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी वस्तीची सहल तेथली लेणी पाहायला गेली होती. जुन्नर हे याच कुकडीच्या काठचे गाव. नदी उगम पावते ती त्याच्याही पश्चिमेला, नाणेघाटाकडच्या डोंगरांत. जुन्नरच्या भोवती मानमोडी, लेण्याद्री, तुळजा आणि शिवनेरी येथे याच काळ्या दगडात भिक्खूंसाठी लेणी कोरली आहेत, आणि लेण्यांच्या शेजारी पाण्याची टाकी. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कोणी लेणे दान देई, कोणी पोढी. त्यांतल्या एका शिलालेखात इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दान दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे ग्रीक देशाकडून आलेला माणूस. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखातला एक माणूस येथे येतो, आणि वाटसरूंना, भिक्खूंना प्यायला पाणी मिळावे म्हणून डोंगराच्या पोटात दोन टाकी खोदवून देतो.

नदी एकच. खडकही एकाच जातीचा. वरच्या खोऱ्यात माणसाच्या छिन्नीने पाण्यासाठी दगड पोखरला, खालच्या पात्रात पाण्याने आपणहून रांजण कोरून ठेवले. पाणी साठवायला दगडाने कधी नाही म्हटले नाही. नाही म्हटले ते माणसांनी, आणि तेही फार नंतर. मुलांना हे आम्ही तेथेच सांगितले. त्यांना कितपत कळले ते सांगता येत नाही, पण मुलीने घरी आल्यावर ‘पोढी’ हा शब्द वहीत लिहून ठेवलेला आम्ही पाहिला.

कुंडापासून डांबरी रस्त्यावर येताना आणखी एक गोष्ट निघाली. आई रस्त्याकडे पाहून म्हणाली, “याच्याखाली आमची खडी असंल.” १९७२ च्या दुष्काळात हा सगळा भाग होरपळला. पारनेर, शिरूर हे तालुके आधीच कमी पावसाचे. आई-वडील दोघेही दुष्काळी कामावर होते. वडिलांनी मोठे दगड फोडायचे, आईने हातोडीने त्यांची खडी करायची. पायाला चिंध्या बांधलेल्या, डोळ्यांत कपच्या उडू नयेत म्हणून मान वाकडी. संध्याकाळी खडीचा ढीग मापायचा आणि त्याप्रमाणे हजेरी. खायला मिलोची लाल भाकरी, मुलांना सुकडी. पुढे याच कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि २००५ साली देशभराचा कायदाही त्याच वाटेने आला. पण खडी फोडणाऱ्या बायांची नावे कोणत्या फलकावर नाहीत. वर्षभर ते काम करून, हाताला घट्टे घेऊन, आई आणि वडील पुण्याची वाट धरून निघाले.

म्हणजे याच काळ्या दगडाची आईने दोन रूपे पाहिली. एक, पाण्याने हजारो वर्षे सावकाश घासून गुळगुळीत केलेले. दुसरे, तिने स्वतः हातोडीने फोडलेले. आम्ही मात्र तो दगड पाहायला गेलो ते धड्यात नाव आले म्हणून.

घरी आल्यावर मुलांनी फोनवर जगातले असे खडक शोधून काढले. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवर असेच रांजणखळगे आहेत, एका सोने शोधणाऱ्या गोऱ्या माणसाचे नाव त्यांना दिलेले आहे. मग ऑस्ट्रेलियातला उलुरू सापडला. त्या देशाच्या मध्यावर, ओसाड तांबड्या मुलखात, ३४८ मीटर उंचीचा एकच एक प्रचंड खडक. १८७३ साली गोऱ्यांनी त्याला एअर्स रॉक असे आपल्यातल्या एका पुढाऱ्याचे नाव दिले. तो ज्यांचा, ते आनंगु लोक हजारो वर्षे तेथे राहत होते, पण त्यांना कोणी विचारले नाही. आपल्या पूज्य खडकावर लोकांनी चढू नये अशी त्यांची विनंती होती, तरी सहलीचे लोक चढतच राहिले. पुष्कळ झगड्यानंतर २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ती जमीन आनंगुंच्या नावे परत केली. आता तेथले राष्ट्रीय उद्यान त्यांच्या सहभागाने चालते, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्या खडकावर चढणे बंद झाले आहे. तेथे जाणाऱ्या पाहुण्यांना खडकाच्या गोष्टी सांगतात ते त्याच मातीतले लोक.

हे वाचून झाल्यावर मुलगी म्हणाली, “आपल्याला पण तिथलंच माणूस भेटलं होतं की.” खरेच आहे ते. निघोजला जाणारे बहुतेक लोक अर्धा तास थांबतात, फोटो काढतात आणि निघतात. आम्हीही तसेच केले असते. खडक कसा झाला हे पुस्तकातून कळले. पण त्या खडकावरून कोण चालले, कोणाला कोठे उभे राहू दिले आणि कोणाला नाही, हे पुस्तकात नव्हते. ते आमच्या घरात, कोपऱ्यात तांदूळ निवडत बसले होते.

ज्या कुटुंबांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून हे लिखाण संपवतो. पुण्याहून अंतर सुमारे ९० किलोमीटर. एस.टी.ने शिरूर, तेथून टाकळी हाजी किंवा निघोजच्या बाजूने जाता येते. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून गाडी केली तर म्हाताऱ्या माणसांना सोयीचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात पाणी भरलेले असते आणि रांजण दिसत नाहीत. उन्हाळ्यात खडक भाजतो. वरच्या धरणातून पाणी सोडले असेल तर धार अचानक वाढू शकते, म्हणून काठच्या लोकांना आधी विचारा आणि मगच खाली उतरा.

मुलांचा हात सोडू नका. कुंडात बुडून माणसे गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येत असतात. वरून संथ दिसणारे पाणी आत फार खोल आहे, आणि भिंती इतक्या गुळगुळीत की पोहता येणाऱ्यालाही धरायला जागा मिळत नाही. फोटोसाठी कडेला उभे राहण्याचा मोह टाळावा. पायात घसरणारी चप्पल नको. जेवण घरचे न्या, कागद आणि पिशव्या परत आणा. या भागात उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर असतो, तेव्हा दिवस मावळण्याच्या आत परत फिरा.

आणि घरात म्हातारे माणूस असेल तर त्यांना मागे ठेवून जाऊ नका. “तुम्ही जा, मी घर सांभाळते,” असे त्या म्हणतीलच. तरी न्या. त्यांना खडकावर उतरवू नका, वर सावलीला बसवा, पाणी द्या, घाई करू नका. मुलांना त्यांच्याजवळ बसवा. निघोजलाच नव्हे, जेथे त्यांचे बालपण गेले अशा कोणत्याही नदीवर, विहिरीवर, माळावर न्या. एखादी जागा पाहिल्यावरच ओठांवर येणाऱ्या गोष्टी असतात, घरात बसून विचारले तर त्या निघत नाहीत. खडक पुढच्या वर्षीही तेथेच असतील. सांगणारी माणसे असतीलच असे नाही.